मुलांना अंगणात मोकळं खेळू द्यायचंय? मग कामं या क्रमाने करा

दरवर्षी जून उजाडला की मला असे तीन-चार फोन येतातच. कुणी नवीन बालवाडी काढलेली असते, कुणी सोसायटीतल्या पाच-सहा आयांनी मिळून प्लेग्रुप सुरू केलेला असतो, आणि गाऱ्हाणं सगळ्यांचं एकच, ताई आम्ही मुलांना बाहेर मोकळं सोडलं पण नुसता गोंधळ होतोय, भांडणं होतात, कपड्यांवरून पालक बोलतात, वाळूत मांजर घाण करून जातं, शेवटी आम्ही परत पाटी-पेन्सिलवर आलो. मग मी विचारते, पहिलं काय केलंत? उत्तर ठरलेलं. घसरगुंडी आणली.

आमची बालवाडी साताऱ्याजवळ घराच्याच अंगणात भरते. अंगण साधारण ३० बाय ४० फुटांचं, मुलं १८, वयं अडीच ते साडेपाच, आणि मोठी माणसं तीन, मी, एक सहकारी ताई आणि मावशी. यातली बहुतेक चुका आम्ही स्वतः करून बसलोय. खालचा क्रम त्यातूनच आलाय, तो उलटा करू नका. आधी मोठी माणसं तयार करायची, मग जागा, मग वाळू-पाणी, मग सामान, आणि मुलं सगळ्यात शेवटी. लोक नेमकं सामानापासून सुरू करतात.

## १. आधी पालक

मुलं यायच्या आठवडाभर आधी पालकांना बोलवा. व्हॉट्सअॅपवर मेसेज टाकून हे काम होत नाही, समोर बसवून बोला. तत्त्वज्ञान सांगत बसू नका, सरळ सांगा की कपडे खराब होणार, रोज होणार, केसात वाळू जाणार, गुडघे खरचटणार. हे आधी सांगितलं तर ती माहिती असते, नंतर सांगितलं तर ती सबब वाटते.

त्यांच्याकडून हे घ्या:

- जुने कपडे घालून पाठवणं, आणि कापडी पिशवीत एक जादा जोड.
- लसीकरणाच्या कार्डाची झेरॉक्स. दीड-दोन वर्षांचा डीपीटीचा (यातच धनुर्वाताची लस असते) बूस्टर झालाय का बघा, पुढचा ५ वर्षं पूर्ण झाल्यावर असतो. मातीत खरचटणार असेल तर धनुर्वाताचं हे बघायलाच हवं.
- जंताची गोळी. शासनाची मोहीम वर्षातून दोनदा असते, फेब्रुवारी आणि ऑगस्टमध्ये, अंगणवाडीत गोळी मिळते. ती चुकवू नका.
- कशाची अॅलर्जी, दमा, फिट येण्याचा इतिहास. हे लिहून घ्या, तोंडी नको.
- दर रविवारी नखं कापणं.

सावधान: गळ्यातला काळा दोरा, ताईत, लॉकेट, जॅकेटची लोंबती नाडी, यातलं काहीही अंगावर ठेवून मूल झाडावर किंवा शिडीवर चढता कामा नये. दोरा अडकला तर फास बसतो. यावर आज्या चिडतात हे मला माहितीये. मी म्हणते, आजी दोरा काढू नका, फक्त गळ्यातून कमरेला बांधा, नजर तिथूनही अडतेच. बहुतेक ऐकतात.

"मग शिकणार काय?" हा प्रश्न येणारच, त्यावर भाषण नको. दर आठवड्याला एका पालकाला तासभर येऊन बसायला सांगा, अट एकच, बोलायचं नाही. आणि सुरुवात आज्यांपासून करा, कारण त्या स्वतः चिखलात वाढलेल्या असतात, अर्ध्या तासात त्याच सांगायला लागतात की आम्ही भातुकलीत शिरीषाच्या पानांची भाजी करायचो.

## २. जागा, आणि तीही खाली बसून

अंगण उभं राहून बघू नका. मांडी घालून जमिनीवर बसा, मग तीन वर्षांच्या मुलाच्या उंचीवरून काय दिसतं ते कळतं, खिडकीच्या उघड्या गजाचं टोक, भिंतीतून आलेली वायर, नळाखालचं पत्र्याचं धारदार टोपण. मी हे पहिल्यांदा केलं तेव्हा जुन्या तारेच्या कुंपणाचे तीन खिळे सापडले, आणि त्या अंगणात मी वीस वर्षं वावरत होते.

तीन वेळा बघा, सकाळी आठला, दुपारी बाराला, आणि पाऊस पडून गेल्यावर. सावली कुठे सरकते आणि पाणी कुठे साचतं हे एका फेरीत कळत नाही.

पाण्याची टाकी, हौद, बोअरचा खड्डा, विहीर, याला झाकण असून भागत नाही, कुलूप पाहिजे. फाटकाची कडी मुलाचा हात पोचणार नाही इतक्या उंचीवर.

मग झाडं. कण्हेर, पिवळी कण्हेर म्हणजे बिट्टी, धोतरा, एरंड, गुंज आणि चंद्रज्योत यातलं काही असेल तर मुळासकट काढा. चंद्रज्योतीच्या बिया मुलं शेंगदाणे समजून खातात आणि मग उलट्यांनी दवाखान्यात जातात, आपल्याकडे शाळेच्या कुंपणाला ही झाडं सर्रास असतात म्हणून मुद्दाम सांगतेय. गाजरगवताने अंगाला खाज उठते, तेही उपटा, हातात पिशवी घालून.

विटांचा ढीग, लाकडं, फुटकी कौलं, पाचोळ्याचा ढिगारा हे सगळं हलवा. विंचू, फुरसं, मण्यार यांना असलंच काहीतरी लागतं. आणि रोज मुलं यायच्या आधी एक माणूस काठी आपटत पूर्ण अंगण फिरेल. रोज म्हणजे रोज.

तपासा: जवळचा दवाखाना किती मिनिटांवर, तिथे सर्पदंशाची लस असते का, १०८ ला फोन केला तर पत्ता कसा सांगायचा. हे कागदावर लिहून दाराच्या आत चिकटवा. घाबरलेल्या माणसाला स्वतःचा पत्ता सांगता येत नाही.

## ३. वाळूचा हौद

इथे सगळ्यात जास्त पैसे आणि सगळ्यात जास्त चुका.

माप: ६ बाय ६ फूट पुरतं, एका वेळी सहा-सात मुलं नीट बसतात. सव्वा फूट खोल खणा. तळाला सिमेंट करू नका, पहिल्या पावसात डबकं होतं. तळाला ३ इंच खडी, तिच्यावर शेडनेटचा दुहेरी थर, म्हणजे वाळू खडीत उतरत नाही आणि मुलं खणत खणत खडीपर्यंत गेली तरी नेट लागतं, मग वर फूटभर वाळू. कडेला विटा, पण कोपरे उघडे ठेवू नका, गिलावा करून गोल करा.

वाळू किती लागेल? ३६ घनफूट, म्हणजे ब्रासचा (ब्रास म्हणजे १०० घनफूट) साधारण तिसरा हिस्सा. दुकानदार अर्धा ब्रास गळ्यात मारतो, घ्या, दिवाळीपर्यंत मुलं बरीचशी घरी घेऊन जातातच, खिशातून आणि केसातून.

कुठली वाळू? नदीची, धुतलेली. क्रश सँड नको, ती फोडलेल्या दगडाची असते, कण टोकदार आणि धूळ फार, डोळ्यात गेली की मूल तासभर रडतं. आणि बांधकामावर उरलेली वाळू फुकट मिळतेय म्हणून अजिबात आणू नका. मी आणली होती. वरून छान दिसत होती पण आत सिमेंट मिसळलेलं, तिसऱ्या दिवशी चार मुलांच्या बोटांच्या बेचक्यात लाल चट्टे, सगळी वाळू काढून टाकावी लागली, शिवाय चार घरी जाऊन माफी.

गिलाव्याच्या चाळणीने चाळा, शिंपले आणि खडे निघतात. मग ताडपत्रीवर पसरून पाइपने पाणी मारा, गढूळ पाणी जाईपर्यंत.

तपासा: कोरडी वाळू मुठीत घेऊन सोडा. हाताला पीठ चिकटलं तर धूळ आहे, परत धुवा. ओली करून मूठ दाबा, लाडू वळला पाहिजे. लाडू वळत नसेल तर तिचा किल्लाही होणार नाही.

रोज संध्याकाळी ताडपत्री झाका, नाहीतर ती वाळू मांजराची. आठवड्यातून एकदा फावड्याने खालची वाळू वर करून दिवसभर ऊन दाखवा.

सावधान: फ्लॅटच्या टेरेसवर हा हौद करू नका. एक घनफूट कोरडी वाळू साधारण ४५ किलो भरते, ३६ घनफुटांचे दीड टनाच्या वर जातात, ओली झाली की अजून. टेरेसवर टबात वाळू ठेवा, दोन-तीन टब, बस.

## ४. पाणी आणि चिखल

वाळू आणि माती वेगवेगळ्या कोपऱ्यात ठेवा, एकत्र झाली की दोन्ही वाया. चिखलासाठी लाल माती किंवा बागेतली फूटभर खालची माती. शेणखत घातलेली नको, रस्त्याकडेची नको.

पाण्यासाठी ३० लिटरचं तोटीचं पिंप स्टुलावर ठेवा, झाकण घट्ट, आणि रोज एकदाच भरा. संपलं की संपलं. पहिले चार दिवस नऊ वाजताच पिंप रिकामं होतं आणि सगळे माझ्याकडे बघतात. मी काही बोलत नाही. दुसऱ्या आठवड्यात कुणीतरी पिंपापाशी उभं राहून ओरडतं, "एऽ हळू सोड ना, भाजी शिजायचीये माझी!" आपण पाणी वाचवा म्हणून फलक लावले असते तर दोन वर्षं लागली असती.

सावधान: उघडी बादली किंवा टब भरून ठेवू नका. लहान मूल बादलीत डोकं खाली झालं की त्याला स्वतःहून वर येता येत नाही, आणि त्याला दोन इंच पाणीही खूप होतं. खेळ संपला की प्रत्येक भांडं पालथं. डेंग्यूच्या डासांना करवंटीतलं पाणीही चालतं.

## ५. सामान, आणि कमी सामान

आता कुठे सामान. दुकानातला प्लॅस्टिकचा बीचसेट नको, उन्हात तडकतो आणि त्याच्या कडा चिरतात. भंगारवाल्याकडे जा. अॅल्युमिनियमची पातेली, पळ्या, डाव, गाळणी, झारा, जुना पाटा, सुपली, टोपल्या. घरून करवंट्या, घासून कडा गुळगुळीत केलेल्या. चार-पाच फळ्या, रंधा मारून घेतलेल्या. पीव्हीसी पाइपचे तुकडे, उभे चिरून अर्धे केलेले. दहा-बारा विटा. दोन टायर, त्यांना खाली भोकं पाडून आणा म्हणजे पाणी साचत नाही, आणि आतली तार बाहेर आलेला टायर परत करा.

१८ मुलांना पातेली सहा पुरे. अठरा आणली की प्रत्येकजण आपलं घेऊन कोपऱ्यात बसतो. सहा असली की मागावं लागतं, थांबावं लागतं, सौदा करावा लागतो, तू पाणी आण मी चूल मांडते वगैरे.

चिंचोके, सागरगोटे, मणी हे तीन वर्षांखालची मुलं असतील तेव्हा बाहेर काढू नका. टिश्यूच्या गुंडाळीच्या आतली पुठ्ठ्याची नळी घ्या, जी वस्तू तिच्यातून आरपार जाते ती त्या मुलाच्या घशातही जाते.

सगळं मुलांच्या हाताला येईल अशा फळीवर. आपण काढून द्यायचं नाही आणि आपण उचलून ठेवायचं नाही.

## ६. पहिले पंधरा दिवस

सगळं अंगण एकदम उघडू नका, इथेच गोंधळ होतो. आधी फक्त वाळू, हातांनी, एकही भांडं नाही, तीन दिवस. मुलांना सामानाशिवाय काय करायचं ते कळत नाही असं वाटतं पण दुसऱ्या दिवशीच पाय पुरणं सुरू होतं. चौथ्या दिवशी करवंट्या आणि पाणी. दुसऱ्या आठवड्यात माती आणि पातेली. फळ्या, विटा, टायर सगळ्यात शेवटी, कारण तोवर कोण कसं आहे ते आपल्याला कळलेलं असतं, कोण ढकलतं, कोण तोंडात घालतं, कोण नुसतं बघतं.

नुसतं बघणाऱ्याला आत ओढू नका. आमच्याकडे एक मुलगी बावीस दिवस पायरीवर बसून होती, चप्पलसुद्धा काढली नव्हती, घरचे काळजीत. तेविसाव्या दिवशी ती उठली, चुलीपाशी गेली आणि सगळ्यांना सांगायला लागली कुणाची पळी कुठली. तिला सगळं पाठ होतं.

माती तोंडात घालणं सुरुवातीला सगळेच करतात. पण तीन वर्षांच्या पुढचं मूल पंधरा दिवसांनंतरही हटकून माती खात असेल तर रागवू नका, पालकांना डॉक्टरकडून हिमोग्लोबिन तपासून घ्यायला सांगा.

## ७. रोजचा क्रम

१. शू करून येणं, पाणी पिणं, दोरे-लॉकेट बघणं.
२. गोल करून दोन मिनिटं. नियम तीनच, वाळू वर उडवायची नाही, कुंपणाबाहेर जायचं नाही, लागलं तर ओरडायचं. दहा नियम सांगाल तर एकही राहत नाही.
३. मोकळा खेळ. कमीत कमी सव्वा तास, सलग.
४. संपायच्या आधी दहा मिनिटं इशारा. आमच्याकडे तांब्या-पळी वाजते. शिट्टी नको, शिट्टी वाजली की मुलं सगळं टाकून पळत येतात.
५. आवरणं, पंधरा मिनिटं. हे खेळातच धरा.
६. साबणाने हात, मग पाय, मग कपडे, मग खाऊ. खाऊ आधी कधीच नाही.

तिसऱ्याबद्दल जरा थांबून सांगते कारण सगळी गडबड इथे आहे. वेळापत्रकात बाहेरचा खेळ २५-३० मिनिटं लिहिलेला असतो. पहिली वीस मिनिटं मुलं काय करतात ते एकदा घड्याळ लावून बघा, पळतात, हे उचल ते टाक, भांडतात, रडतात, तक्रारी आणतात. मग हळूहळू आवाज खाली येतो, दोघं-तिघं एका जागी बसतात, आणि काहीतरी सुरू होतं. नेमकी तेव्हाच आपली शिट्टी वाजते. म्हणजे रोज आपण फक्त गोंधळाचा भाग बघतो आणि म्हणतो मोकळं सोडलं की गोंधळच होतो.

## ८. आपण कुठे बसायचं आणि काय बोलायचं नाही

तिघींनी तीन जागा धरायच्या, एक पाण्याजवळ, एक चढायच्या जागेजवळ, एक फिरती. एकत्र बसून गप्पा नाहीत, मोबाइल आत.

माझी एक चूक सांगते. सव्वातीन वर्षांचा एक मुलगा पिंपापासून वाळूपर्यंत करवंटीतून पाणी नेत होता, पंधरा पावलं, पोचेपर्यंत अर्धं सांडायचं. चार दिवस तेच. पाचव्या दिवशी मला राहवेना, मी मग दिला, घे यात जास्त मावतं. त्याने मगाकडे बघितलं, एकदा नेलं, मग ठेवला आणि निघून गेला. तो पाणी नेत नव्हताच, तो न सांडता चालायला शिकत होता, आणि ते माझ्या मगाने संपवलं. आता काही द्यावंसं वाटलं की मी हात पदराला पुसत बसते.

- "छान!" "वा!" असं दर दोन मिनिटांनी नको. मूल मग आपल्याकडे बघून खेळतं.
- "हे काय बनवलंय?" विचारू नका. बनवलेलं नसतं, चाललेलं असतं. दाखवायला आलं तर बघा, जे दिसतं ते म्हणा, "तळाला ओली घातलीस वाटतं."
- "पडशील!" म्हणू नका, त्याने मूल दचकूनच पडतं. "डावा पाय कुठे ठेवणार?" विचारा.
- भांडण झालं तर जवळ जा पण बोलायच्या आधी मनात दहापर्यंत मोजा. दहापैकी सहा-सात वेळा मिटतं.

चढण्याचा नियम एकच. जे मूल स्वतः चढू शकत नाही त्याला वर उचलून ठेवायचं नाही, कितीही हात पसरले तरी. स्वतः चढलेलं मूल बहुतेक वेळा उतरू शकतं, आपण ठेवलेलं अडकतं.

लगेच उठायचं केव्हा: चावणं, दगड हातात, गळ्याभोवती काहीही, तोंडात न ओळखलेलं फळ किंवा बी, आणि अचानक झालेली शांतता.

## ९. नोंद

लांबलचक फॉर्म भरू नका, कुणी वाचत नाही. रोज दोन मुलं ठरवा, त्यांनी काय केलं ते चार ओळी, मुलाचेच शब्द घालून. नऊ दिवसांत १८ मुलं होतात. "ताई आज काय शिकवलं?" विचारणाऱ्या बाबांना त्या चार ओळी वाचून दाखवा. "आज तुमच्या मुलीने तीन विटांवर फळी ठेवली, ती एका बाजूला कलली, मग तिने दुसऱ्या टोकाला मैत्रिणीला बसवलं" हे ऐकल्यावर बाबा गप्प होतात, मग घरी जाऊन तेच करून बघतात.

## १०. ऊन आणि पाऊस

मार्च ते मे मध्ये खेळ साडेसातला सुरू आणि नऊला बंद. विदर्भ-मराठवाड्यात अजून लवकर. पत्र्याच्या वस्तूंवर मुलं यायच्या आधी आपला तळहात पाच सेकंद ठेवून बघा, आपल्याला सोसत नसेल तर झाकून टाका.

पावसात बाहेर न्यायचं, रिमझिम असेल तर जरूर, प्लॅस्टिकचा रेनकोट अंगावर, खाली चड्डी. पण गडगडलं की सगळे आत, आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास आतच. झाडाखाली कुणालाही थांबवायचं नाही. गवत घोट्याच्या वर गेलं की कापा, साप दिसत नाही त्यात.

आणि जूनमध्ये एक होतंच, हौदावरच्या ताडपत्रीवर पाणी साचून तळं होतं, ते उचलायला गेलं की सगळं वाळूत. त्यासाठी ताडपत्रीच्या खाली मधोमध एक घमेलं पालथं घालून ठेवा, तंबूसारखा उंचवटा होतो आणि पाणी कडेला ओघळून जातं. ते घमेलं कशासाठी ते आम्ही मुलांना सांगितलेलं नाही. सध्या दोन मतं आहेत, एका गटाच्या मते आत कासव आहे, आणि दुसऱ्या गटाने परवा कासव नाही हे बघायला सकाळी ताडपत्री उचलली, तर सगळं पाणी त्यांच्याच पायावर.